मार्केट यार्डाचा मतदार कोण?

मंडळी, या शनिवारचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण थोडा धीर धरा. बाजार समितीची निवडणूक. पेपरात आतल्या पानावर 'अमुक पॅनेलचा धुव्वा' असं काहीतरी छापून येतं आणि आपण पान उलटतो, तीच.

माझं गाव वडनेर. हिंगणघाट तालुका, वर्धा जिल्हा. नागपूर-हैदराबाद हायवेवर हिंगणघाट सोडून दक्षिणेला निघालात की लागतं. मुलूख कापसाचा. एकोणिसाव्या शतकात कापसाच्या एका चांगल्या जातीला 'हिंगणघाट' हेच नाव होतं आणि ते नाव पार लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचलं होतं. मागच्या दिवाळीत घरी गेलो असताना मी मोठ्या बाबांना सहज विचारलं, "मार्केटच्या इलेक्शनमध्ये तुम्ही कोणाला मत देता?" ते म्हणाले, "आपलं मत नसते ना बाबू तिथं. सोसायटीवाल्याचं असते."

आयुष्यभर मार्केटला कापूस नेणाऱ्या माणसाला मार्केटच्या कमिटीसाठी मत नाही? आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिमच्या युजरलाच लॉगिन नाही. म्हटलं, हे प्रकरण मुळापासून बघू.

सुरुवात शेजारच्या वऱ्हाडात होते. १८५३ पासून वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं होतं. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, तो स्वच्छ आणि खात्रीच्या वजनाचा हवा होता. १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार सरकारी नियमाखाली आला. हा देशातला पहिला नियंत्रित बाजार समजला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी खास कायदाच झाला. बाजाराची जागा ठरली, वजनं ठरली, अडते-तोलाऱ्यांना परवाने आले आणि देखरेखीला एक कमिटी आली. या कमिट्यांवर वरचष्मा होता व्यापाऱ्यांचा. म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची, तेच नजर ठेवणारे.

नजर ठेवण्यासारखं होतंही बरंच. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरायचा, तो अडत्या आणि खरेदीदार या दोघांनाच कळायचा. बंडीवर बसलेल्या शेतकऱ्याला कळायचा तो शेवटचा आकडा, आणि त्यातूनही कडता, तोलाई, हमाली, दलाली, धर्मादाय वजा. (धर्म व्यापाऱ्याचा, दाय शेतकऱ्याचं!) तरीही १९२८ च्या लिनलिथगो शेती आयोगाला वऱ्हाडातल्या बाजारांची दखल घ्यावीशी वाटली आणि कायद्याने चालणारे बाजार इतर प्रांतांतही हवेत असं त्याने सुचवलं. आमचा वर्धा जिल्हा मध्य प्रांतात. तिथे कापसाच्या बाजारांसाठी १९३२ साली आणि इतर शेतमालासाठी १९३५ साली कायदा आला.

पुढे महाराष्ट्र झाला आणि १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा आला. बाजार समिती ही नगरपालिकेसारखीच एक स्थानिक सत्ता, फक्त एकाच कामापुरती. तिचं ठरलेलं कार्यक्षेत्र आहे, ती परवाने देते आणि शंभर रुपयांच्या मालामागे साधारण रुपयाभर बाजार फी घेते. ही फी कायद्याने खरेदीदार भरतो, पण भाव बोलताना तो ती मनात धरतोच. असे बाजार राज्यात तीनशेच्या वर आहेत.

आता रचना बघा, सगळी गंमत इथेच आहे. निवडून येणारे संचालक १८. त्यातले ११ सोसायट्यांमधून, ४ ग्रामपंचायतींमधून, २ व्यापारी-अडत्यांमधून, १ हमाल-तोलाऱ्यांमधून. (सोसायटी म्हटलं की आपल्याला पार्किंग आणि टँकर आठवतो. गावात सोसायटी म्हणजे पीककर्ज देणारी सहकारी संस्था.) परवाना असलेला व्यापारी स्वतःचं मत स्वतः देतो. हमालही स्वतः देतो. शेतकऱ्याच्या नावाच्या १५ जागा आहेत, पण तिथे मतदान करतात ते सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य. म्हणजे बाजारातल्या तीन घटकांपैकी एकट्या शेतकऱ्यालाच मध्यस्थ लागतो. अडत्या टाळायला काढलेल्या संस्थेत मताला मात्र अडत्या!

याचा परिणाम ओळखायला फार डोकं लागत नाही. समजा तालुक्यात ८० सोसायट्या आहेत आणि प्रत्येकीचे १३ संचालक. मतदार झाले १,०४०. एवढ्या लोकांची नावं वहीत लिहून ठेवता येतात. कोण कोणाचा साडू, कोणाचं कर्ज थकलंय, सगळं माहीत असतं. निवडणुकीआधी मतदारांना 'सहलीला' नेण्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच. लाखभर लोकांना सहलीला कोण नेणार?

मग इतकी वर्षं कोणी ओरडलं कसं नाही? माझा अंदाज असा की विदर्भात त्याला कापूस एकाधिकार योजना बरीच जबाबदार आहे. १९७२ पासून सुमारे तीन दशकं कापूस सरकारच्या वतीने पणन महासंघ घ्यायचा आणि भाव मुंबईत ठरायचा. लिलावच नसेल तर लिलावावर देखरेख कोण करतंय याचं कापसावाल्याला काय पडलंय? खाजगी खरेदी पुन्हा सुरू झाल्यावर यार्डाला महत्त्व आलं, पण मतदारयादी होती तशीच राहिली.

ती बदलली २०१७ मध्ये. फडणवीस सरकारने कायद्यात दुरुस्ती केली: समितीच्या क्षेत्रातला, किमान १० गुंठे जमीन असलेला प्रत्येक प्रौढ शेतकरी थेट मतदार. शेतकऱ्यांच्या १५ जागांसाठी १५ गण. जुलै २०१८ मध्ये सोलापूर बाजार समितीची निवडणूक या पद्धतीने झाली. मतदार एक लाखाच्या वर! आणि निकाल काय, तर खुद्द सहकारमंत्री सुभाष देशमुख यांच्या पॅनेलचा पराभव झाला. त्यांच्याच पक्षाचे दुसरे मंत्री विजयकुमार देशमुख काँग्रेसवाल्यांबरोबर समोरच्या पॅनेलमध्ये होते. म्हणजे राजकारण काही शुद्ध झालं नाही, पण वहीत नावं लिहून जिंकायची सोय गेली.

जानेवारी २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने जुनी पद्धत परत आणली. कारण दिलं खर्चाचं. निवडणुकीचा खर्च समितीलाच करावा लागतो आणि लहान समित्यांना लाखभर मतदारांची निवडणूक परवडत नाही. हे कारण अगदीच खोटं नाही. ज्या यार्डात वर्षाकाठी जेमतेम पगार निघतात, त्याने शेकडो बूथ कुठून लावायचे? पण परवडत नाही म्हणून मतच काढून घ्यायचं, हा उपाय मला पटत नाही. ग्रामपंचायतीच्या मतदानाबरोबर एक जादा मतपेटी ठेवणं कुणाला सुचलं नसेल असं वाटत नाही.

पुढचा अंक २०२२ चा. जुलैमध्ये नव्या शिंदे सरकारने शेतकऱ्यांना मत परत द्यायचं ठरवलं. नोव्हेंबरपर्यंत त्याचं झालं असं की शेतकरी उमेदवार म्हणून उभा राहू शकतो, मतदार मात्र सोसायटी-ग्रामपंचायतवालेच. एप्रिल २०२३ अखेरीस राज्यभर निवडणुका झाल्या त्या याच नियमाने. म्हणजे उभं राहिलेल्या शेतकऱ्याला स्वतःलाही मत देता येत नाही.

थेट मत दिलं तरी ते कशावर द्यायचं हा प्रश्न उरतोच. कॅलिफोर्नियात टुलारे लेक भागात पाणी साठवणुकीसाठी असाच एका कामापुरता जिल्हा आहे. तिथे मत फक्त जमीनमालकाला, तेही जमिनीच्या किमतीच्या प्रमाणात. बॉसवेल नावाच्या एकट्या कंपनीकडे ३७,८२५ मतं होती, बोर्डाचं बहुमत निवडायला पुरेशी. १९६९ च्या पुरात रहिवाशांच्या घरात पाणी शिरलं, पण त्यांना मतच नव्हतं. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ही पद्धत वैध ठरवली. म्हणे हा जिल्हा एकाच कामापुरता आहे आणि खर्च जमीनमालक भरतात. न्यायमूर्ती डग्लस यांनी विरोधात निकाल लिहिला.

आपल्या १० गुंठ्यांच्या अटीत निदान एका सातबाऱ्याला दहा मतं नव्हती. पण वडनेरकडे मक्त्याने वावर करणारे कितीतरी आहेत. पेरणी, फवारणी, वेचणी सगळं त्यांचं, सातबारा दुसऱ्याचा. मोठी आई तर जन्मभर वावरात राबली, तिचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही. २०१७ च्या यादीतही हे लोक आलेच नसते. मला आधी वाटलं, सोपं आहे, विक्रीच्या पावतीवरून यादी बनवा. ज्याने माल आणला तो मतदार. मग मोठ्या बाबांनी आठवण करून दिली की सीसीआयला कापूस द्यायचा तर पीकपेऱ्याची नोंद असलेला सातबारा लागतो. त्यामुळे मक्त्याचा कापूस एकतर मालकाच्या नावावर जातो, नाहीतर मिळेल त्या भावाने खाजगी व्यापाऱ्याकडे.