अन्नजाळ्याची उत्क्रांती व संगणकीय सदृशीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

परिसंस्थेतील कोणता जीव कोणाला खातो, या संबंधांच्या गुंतागुंतीच्या रचनेस अन्नजाळे असे म्हणतात. चार्ल्स एल्टन यांच्या १९२७ च्या ग्रंथामुळे ही संकल्पना परिस्थितिकीत रुजली. विविधता जितकी अधिक तितका जीवसमुदाय स्थिर, ही रॉबर्ट मॅकआर्थर (१९५५) व एल्टन (१९५८) यांची धारणा पुढे जवळजवळ सर्वमान्य झाली होती.

या धारणेस १९७२ मध्ये रॉबर्ट मे या मूळच्या भौतिकशास्त्रज्ञाने धक्का दिला. प्रजातींमधील संबंध यादृच्छिक मानल्यास, प्रजातींची संख्या, संबंधांची दाटी व तीव्रता वाढत जाताना एका मर्यादेपलीकडे समुदाय अस्थिर होतो, असे त्यांनी गणिताने दाखविले. मग विषुववृत्तीय अरण्ये टिकली कशी? मे यांच्या गणितात दोष नव्हता. प्रश्न गृहीतकाचा होता. निसर्गातील जाळे यादृच्छिक नसते, हे त्यांनाही मान्य होते. ते कालौघात घडत आलेले असते. परिस्थितिकीच्या गणितात इतिहासाला जागा नव्हती, हीच खरी अडचण होय.

पोस्ट व पिम यांनी १९८३ मध्ये संगणकावर एकेक प्रजाती बाहेरून आणून समुदाय रचून पाहिला. तथापि, नवी प्रजाती जुन्यांतूनच उद्भवते, ही डार्विनची मूळ कल्पना त्यात नव्हती. ती उणीव काल्डारेल्ली, हिग्ज व मॅककेन यांच्या १९९८ मधील 'वेबवर्ल्ड' प्रतिमानाने भरून काढली. त्यात प्रत्येक प्रजाती म्हणजे काही गुणांचा संच. कोणाचे गुण कोणावर मात करतात, यावरून भक्षक व भक्ष्य ठरतात. विद्यमान प्रजातीचा एखादा गुण बदलून नवी प्रजाती निर्माण होते; ती तगते, नष्ट होते किंवा इतरांना नष्ट करते. परिस्थितीकडून मिळणारे अन्न मात्र मर्यादितच राहते. आरंभीच्या एका प्रजातीपासून अनेक पातळ्यांचे जाळे उभे राहते, आणि ते कोणी आखून दिलेले नसते.

ड्रॉसेल यांच्यासह यांपैकी हिग्ज व मॅककेन यांनी २००१ मध्ये भक्षकाला भक्ष्य निवडण्याची मुभा देऊन हे प्रतिमान अधिक वास्तव केले. भक्षकाच्या या लवचिकतेमुळे गुंतागुंत स्थैर्यास पोषकही ठरू शकते, असे कोंडोह यांनी २००३ मध्ये दाखविले. एल्टन यांच्या अंतःप्रेरणेला असा उशिरा, सशर्त का होईना, आधार मिळाला.

पडताळणीचा प्रश्न मात्र बिकट आहे. कॅनडातील बर्जेस शेलच्या सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांवरून डन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अन्नजाळे पुन्हा रचले असता, त्याची घडण आजच्या जाळ्यांशी बरीच मिळतीजुळती आढळली. जीवाश्म त्या जाळ्याचे रूप सांगतात. ते कोणत्या क्रमाने विणले गेले, हे त्यांवरून कळत नाही.