काचीगुड्याची भाजी आणि रयतेचा बाजार

हैदराबादेतील काचीगुडा म्हटले की मराठी माणसास प्रथम आठवते ते १९१६ साली उभे राहिलेले, घुमटांचे रेल्वे स्टेशन. नांदेड, परभणी, जालन्याच्या किती पिढ्या त्या फलाटावर उतरल्या असतील! वस्तीचे नाव मात्र स्टेशनाहून जुने आहे. ते काछी लोकांवरून पडले, असे सांगतात. आणि काछी म्हणजे उत्तर हिंदुस्थानातील भाजीपाला पिकविणारी जात. शहर वाढत गेले, मळे वेशीबाहेर सरकले आणि पिकविणारा व खाणारा यांच्या मध्ये अडत्या व दलाल येऊन बसले.

अडत्यास आवरण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. १८८६ साली वऱ्हाडातील कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, तो हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकमाने; वऱ्हाडचा कारभार त्या काळी रेसिडेन्सीमार्फत चालत असे. त्यामागे शेतकऱ्याच्या कळवळ्यापेक्षा मँचेस्टरच्या गिरण्यांस स्वच्छ कापूस मिळावा ही ओढ अधिक होती. पुढे १९३० च्या सुमारास निजाम सरकारनेही बाजाराचा कायदा केला. पण मेथीची जुडी घेणाऱ्या गृहिणीस या कायद्यांचे काय?

तिच्यापर्यंत गोष्ट पोहोचली ती जानेवारी १९९९ मध्ये. तत्कालीन आंध्र प्रदेशात ‘रैतु बाजार’ सुरू झाले. रैतु म्हणजे आपली रयतच. मराठीत त्या शब्दाने प्रजा हा अर्थ धरला, तेलुगूने शेतकरी. गाव आणि पीक तपासून शेतकऱ्यास ओळखपत्र द्यावयाचे, बाजारात जागा व तराजू द्यावयाचा, आणि त्याच्या पाट्या सरकारी बसने शहरात आणावयाच्या, अशी ही व्यवस्था. दर घाऊक बाजाराहून काहीसा अधिक, परंतु रस्त्यावरील किरकोळ दराहून कमी ठरवून सकाळीच फलकावर लिहावयाचा. मेहदीपट्टणम, सरूरनगर येथे असे बाजार भरू लागले. तेथे गोंगुरा या नावाने विकली जाणारी पालेभाजी मराठी घरात आली की अंबाडी होते, आणि लसणाच्या फोडणीनिशी ज्वारीच्या भाकरीशेजारी बसते.

दलाल मात्र सहजासहजी हटणारा नव्हे. शेतकऱ्याचे ओळखपत्र पुढे करून व्यापारीच पाटी मांडून बसतो, ही तक्रार या बाजारांविषयी वारंवार होत आली. त्यात नवल नाही. शेतकरी बाजारात बसला की शेतातला त्याचा दिवस बुडतो. मजुरी, पाणी, तोडणी कोणी पाहावयाची? एकरभर जमिनीच्या धन्यास रोज शहर गाठणे परवडत नाही, म्हणून तो कार्ड दुसऱ्याच्या हाती देतो. महाराष्ट्राने २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, तरी विक्रीस बसण्याचा हा दिवस कोणाच्या पदरचा, हा प्रश्न तेथेही आहेच. गिऱ्हाइकास फलकावरचा दर दिसतो. संध्याकाळी उरलेली कोथिंबीर परत न्यावी की दराखाली देऊन टाकावी, हा हिशेब मात्र विकणाऱ्याने परतीच्या बसकडे पाहत करावयाचा असतो.