नाक्यावर थांबलेली गाडी आणि हक्काची मोजपट्टी

सुरुवातीला एक कोडं सोडवा. अमेरिकेतल्या तीन नाकाबंदींची आकडेवारी देतो.

पहिल्या नाक्यावरून आठ दिवसांत सुमारे १,४६,००० गाड्या गेल्या. त्यांतल्या १७१ गाड्यांमध्ये अधिकारी ज्यांच्या शोधात होते ती माणसं सापडली. म्हणजे ०.१२ टक्के. दुसऱ्या नाक्यावर १२६ गाड्या आल्या आणि दोन चालकांना अटक झाली. म्हणजे १.६ टक्के. तिसऱ्या शहरातल्या नाक्यांवर १,१६१ गाड्या थांबवल्या आणि १०४ जणांना अटक झाली. म्हणजे जवळजवळ ९ टक्के.

तिन्ही प्रकरणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. दोन नाके घटनेत बसतात असं न्यायालय म्हणालं, एकाला बसत नाही म्हणालं. कोणता असेल तो?

तुमचं उत्तर ‘पहिला’ असेल तर तुमचा तर्क सरळ आहे : हजारो निरपराध लोकांना अडवून हाती फार थोडं लागलं, म्हणून तो रद्द. प्रत्यक्षात रद्द झाला तो तिसरा, सगळ्यात जास्त ‘यशस्वी’ असलेला. असं का झालं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

सगळ्यांनाच अडवायचं, तर संशय कोणाचा?

अमेरिकन घटनेची चौथी दुरुस्ती १७९१ ची. तिच्यामागचा राग त्याहून जुना आहे. ब्रिटिश अमलातल्या जकात अधिकाऱ्यांकडे सरसकट परवाने असत. कोणाच्या घरात शिरायचं, काय शोधायचं, हे त्यात लिहिलेलंच नसे. अधिकाऱ्याच्या मनात येईल ते घर त्याचं. १७६१ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात जेम्स ओटिस या वकिलाने या परवान्यांविरुद्ध युक्तिवाद केला. खटला तो हरला, पण मुद्दा मागे राहिला आणि पुढे घटनेत आला. चौथी दुरुस्ती थोडक्यात असं सांगते : माणसाची, घराची, कागदपत्रांची झडती आणि जप्ती अवाजवी असता कामा नये, वॉरंट द्यायचं तर सबळ कारण हवं, आणि जागा, माणूस, वस्तू नेमकी नमूद हवी.

यातला ‘अवाजवी’ हा शब्द पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा. पुढची सगळी भांडणं त्याच्यावरून आहेत.

मोटारगाडी आल्यावर पहिली सूट मिळाली. दारूबंदीच्या काळातल्या कॅरोल खटल्यात १९२५ साली न्यायालय म्हणालं, गाडी पळून जाऊ शकते, म्हणून सबळ कारण असेल तर वॉरंटशिवाय झडती चालेल. १९६८ च्या टेरी खटल्यात पट्टी आणखी खाली आली : एखाद्याला थोडा वेळ अडवून चौकशी करायला ‘वाजवी संशय’ पुरे. सूट वाढत गेली, पण एक गोष्ट दोन्हीकडे कायम होती. कारण असो की संशय, तो त्या विशिष्ट माणसाबद्दल असायला हवा.

नाकाबंदीत नेमकं हेच नसतं. आपल्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्री पोलीस हात दाखवून गाडी बाजूला घ्यायला लावतात, तेव्हा तुमच्याबद्दल त्यांना काही माहीत नसतं. तुम्ही त्या रस्त्याने आलात, एवढंच. मग व्यक्तीवरच्या संशयाच्या भाषेत लिहिलेला हक्क इथे लावायचा कसा?

एकच रस्ता, दोन निकाल

सॅन क्लेमेंटी हे गाव कॅलिफोर्नियात, सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिस यांच्या मध्ये. तिथल्या महामार्गावर सीमा गस्ती दलाचा कायमचा तपासणी नाका आहे, मेक्सिकोच्या सीमेपासून रस्त्याने ६६ मैल आत. सीमेवर तपासणी होणं समजू शकतं, पण इतक्या आत कशी? तर कायद्यात सीमेपासून ‘वाजवी अंतर’ असा शब्द होता आणि १९५३ च्या नियमाने ते अंतर कमाल १०० मैल ठरवलं.

१९७३ मध्ये एकदा हवामान खराब असल्यामुळे हा नाका बंद होता. गस्तीचे दोन अधिकारी रस्त्याच्या कडेला गाडीत बसून वाहतूक बघत होते. एक गाडी गेली, तिच्यातले तिघं त्यांना मेक्सिकन वंशाचे वाटले, म्हणून पाठलाग करून ती थांबवली. दुसरं काहीही कारण नव्हतं. हा ब्रिग्नोनी-पॉन्से खटला. १९७५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नुसत्या दिसण्यावरून गाडी थांबवता येणार नाही.

आता पुढचं वर्ष बघा. १९७६, मार्टिनेझ-फ्युर्टे खटला. वाद त्याच नाक्याचा, फक्त या वेळी नाका चालू असतानाचा. पद्धत अशी होती : उत्तरेकडे जाणारी प्रत्येक गाडी जवळजवळ थांबेपर्यंत हळू होते, अधिकारी आत नजर टाकतो, बहुतेकांना जाऊ देतो आणि काहींना बाजूच्या जागेत पाठवून तीन ते पाच मिनिटं चौकशी करतो. सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने याला मान्यता दिली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, बाजूला पाठवण्याची निवड मोठ्या प्रमाणात मेक्सिकन दिसण्यावरून झाली असली, तरी त्यात घटनेचा भंग नाही, असंही बहुमताने लिहिलं.

तोच रस्ता, तेच गस्ती दल, दिसण्याचा तोच निकष. नाका बंद असताना जे चालत नव्हतं ते नाका उघडल्यावर चाललं. न्यायमूर्ती पॉवेल यांनी दिलेलं कारण असं : कायमचा नाका सगळ्यांना दिसतो, त्याची जागा वरिष्ठ ठरवतात, तिथे माणूस घाबरत नाही, आणि अडथळाही किरकोळ असतो. एका पारड्यात सरकारची गरज ठेवा, दुसऱ्यात प्रवाशाची अडचण; गरज जड भरते.

न्यायमूर्ती ब्रेनन यांनी असहमतीच्या मतात यावर बोट ठेवलं. कारण द्यायची गरजच काढून टाकली की अधिकारी कोणाला निवडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन नागरिकाला आपण या देशाचे आहोत हे रस्त्यात पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागणार. नाका सगळ्यांसाठी सारखा आहे, हे गाडी हळू होईपर्यंतच खरं आहे. त्यानंतर तो काही जणांसाठी वेगळा होतो.

छेद कोणता, ते आधी विचारा

इथे संशोधनाच्या दृष्टीने एक मिनिट थांबूया. या खटल्यातली मूळ आकडेवारी अशी : सुमारे १,४६,००० गाड्या गेल्या, ८२० बाजूला पाठवल्या, त्यांतल्या १७१ गाड्यांत मिळून ७२५ माणसं सापडली. आता टक्केवारी काढा. १७१ ला सगळ्या गाड्यांनी भागलं तर ०.१२. माणसांना गाड्यांनी भागलं तर साधारण ०.५. आणि बाजूला पाठवलेल्या ८२० गाड्यांनी भागलं तर जवळजवळ २१ टक्के. पहिला आकडा म्हणतो नाका निरुपयोगी आहे, तिसरा म्हणतो अधिकाऱ्यांची नजर तयार आहे. तिन्ही गणितं बरोबर आहेत. म्हणून कुठल्याही अहवालात टक्के दिसले की पहिला प्रश्न हा : भागिले काय?

सिट्झ : ७५ मिनिटं, १२६ गाड्या

१९७९ मध्ये डेलावेअर विरुद्ध प्राउस खटला आला. एका गस्ती पोलिसाच्या हातात दुसरं काम नव्हतं, गाडी दिसली म्हणून त्याने परवाना बघायला थांबवली. न्यायालय म्हणालं, हे चालणार नाही. पोलिसाची लहर हे कारण होऊ शकत नाही. पण निकालात जाता जाता एक वाट दाखवून ठेवली : येणाऱ्या सगळ्याच गाड्या थांबवल्या तर गोष्ट वेगळी. न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी असहमतीत याची थट्टा केली. एकट्याला अडवलं तर हक्काचा भंग आणि सगळ्यांना अडवलं तर नाही, हा कुठला न्याय, असा त्यांचा सूर होता.

ती वाट पुढे मिशिगनच्या पोलिसांनी धरली. मे १९८६ मध्ये सॅगिनॉ परगण्यात रात्री दारू तपासणीची नाकाबंदी लागली. ७५ मिनिटं चालली, १२६ गाड्या आल्या, प्रत्येकीचे सरासरी २५ सेकंद गेले. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती वैध ठरवली. मुख्य निकालपत्र लिहिलं खुद्द रेनक्विस्ट यांनी, आता सरन्यायाधीश म्हणून. त्यांचा युक्तिवाद असा की उपलब्ध मार्गांपैकी कोणता निवडायचा हे न्यायालयाने ठरवू नये; जनतेला उत्तरदायी असलेल्या अधिकाऱ्यांनी ठरवावं.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचं असहमतीचं मत संशोधन पद्धतीच्या तासाला वाचून घ्यावं असं आहे. नुसत्या १.६ टक्के अटकांवर ते समाधानी नाहीत. ते विचारतात, हेच पोलीस नेहमीच्या गस्तीवर असते तर किती मद्यपी चालक पकडले असते? मेरीलँडमध्ये एका परगण्यात नाकाबंदी लावून दुसऱ्या, नाकाबंदी नसलेल्या परगण्याशी तुलना केली होती. नाकाबंदी असलेल्या परगण्यात दारूमुळे झालेले अपघात १० टक्क्यांनी घटले, नसलेल्यात ११ टक्क्यांनी. नियंत्रण गट म्हणजे काय, हे याहून सोप्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

मग इंडियानापोलिस का हरलं?

ऑगस्ट ते नोव्हेंबर १९९८ या काळात इंडियानापोलिस शहराने अमली पदार्थ शोधायला सहा नाकाबंदी केल्या. आधी पाटी, मग गाडी थांबवणं, कागदपत्रं बघणं आणि गाडीभोवती वास घेत फिरणारा कुत्रा. १०४ अटकांपैकी ५५ अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत आणि ४९ इतर कारणांनी.

२००० सालच्या एडमंड निकालात न्यायमूर्ती ओ’कॉनर यांनी बहुमतातर्फे लिहिलं की प्रश्न नाका किती यशस्वी आहे हा नाही. तो कशासाठी आहे हा आहे. सीमेची राखण आणि रस्त्याची सुरक्षा ही खास कामं आहेत. या नाक्याचा मुख्य हेतू मात्र सर्वसाधारण गुन्हे शोधणं हा होता. तेवढ्यासाठी संशयाशिवाय लोकांना अडवू दिलं, तर असे नाके रोजच्या जगण्याचा भाग व्हायला वेळ लागणार नाही. २००४ च्या लिडस्टर खटल्यात हीच रेघ थोडी पुढे ओढली गेली. एका सायकलस्वाराला ठोकर देऊन पळालेल्या चालकाची माहिती मिळवायला, आठवड्याने त्याच जागी गाड्या थांबवून प्रवाशांना विचारणं न्यायालयाने मान्य केलं. तिथे पोलीस साक्षीदार शोधत होते.

आता सुरुवातीचं कोडं सुटतं. १७६१ मध्ये ओटिस जो प्रश्न विचारत होता तो असा : ‘याच माणसावर का?’ नाक्यावर तो प्रश्न बदलून ‘हा नाका कशासाठी?’ असा झाला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पोलिसाला प्रत्येक माणसामागे द्यावं लागतं. दुसऱ्याचं उत्तर सरकार एकदाच देतं आणि मग ते सगळ्या गाड्यांना लागू होतं. हक्क कागदावर शाबूत राहतो, पण त्याची मर्यादा आता तुमच्या वागण्यावर ठरत नाही. सरकारने आपला हेतू कोणत्या शब्दांत लिहिला यावर ती ठरते. त्या हेतूची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत, हे सॅन क्लेमेंटीने दाखवलंच आहे.

निकालानंतरही वाचत राहा

सिट्झ खटल्याची गोष्ट १९९० ला संपत नाही. प्रकरण मिशिगनला परत गेलं आणि १९९३ मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, केंद्राच्या घटनेत बसत असेल, पण आमच्या राज्यघटनेत ही नाकाबंदी बसत नाही. ज्या राज्याने देशभरासाठी परवानगी मिळवली, त्याच राज्यात ती वापरता आली नाही! वॉशिंग्टन राज्याच्या न्यायालयाने १९८८ मध्येच अशी नाकाबंदी नाकारली होती. टेक्सासमध्ये १९९४ मध्ये न्यायालय म्हणालं, आधी राज्य पातळीवर अधिकृत मंजुरी आणा. म्हणजे ‘अमेरिकेत दारू तपासणीची नाकाबंदी वैध आहे’ हे वाक्य खरं आहे आणि अपुरंही.

पेट किंवा नेटनंतर संशोधन आराखडा लिहायला बसाल तेव्हा ‘राज्यसंस्था आणि व्यक्तिस्वातंत्र्य’ असा आकाशाएवढा विषय घ्यायचा मोह होईल. त्याऐवजी एक नाका घ्या. तो कोणी उभारला, कोणत्या कलमाखाली, लेखी आदेशात हेतू काय लिहिला आहे, नोंदवहीत किती गाड्या, किती थांबवल्या, बाजूला कोणाला घेतलं, खालच्या न्यायालयात पुरावा काय आला, असहमतीच्या मतात काय आहे, आणि निकालानंतर पाच वर्षांनी त्या रस्त्यावर काय चालू होतं, हे बघा. एवढ्या प्रश्नांची उत्तरं कागदपत्रांतून काढलीत की व्यक्तिस्वातंत्र्याची मर्यादा नेमकी कुठे पडते ते तुम्हाला त्याच नाक्यावर दिसेल, आणि मुलाखतीत ‘तुमचा संशोधन प्रश्न काय?’ असं विचारल्यावर एका वाक्यात उत्तर देता येईल.