चित्रनळी आणि लाकडी पेटी

जुन्या दूरचित्रवाणी संचाविषयी बोलताना आपण 'मजबूत' हे विशेषण सहज वापरतो; त्या मजबुतीची चिकित्सा मात्र क्वचितच करतो.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. वरळीपासून पालघर-बोईसर पट्टा, जो तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, सरळ रेषेत ७५ ते ९० किलोमीटरवर. त्यामुळे येथे उंच अँटेनाखेरीज चित्र दुर्लभच.

संचाचा आकार ठरवीत असे ती चित्रनळी. आत निर्वात पोकळी, बाहेरून दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोचा हवेचा दाब. म्हणून काच जाड आणि पडदा फुगीर. इलेक्ट्रॉनांचा झोत वळविण्याचा कोन लहान, तितकी नळी लांब. हा कोन ७० अंशांवरून ९० व पुढे ११० अंशांवर गेला, तशी पेटीची खोली घटली. भक्कम लाकडी पेटी हा केवळ सुतारकामाचा षोक नव्हता. जड काचेला आधार हवाच होता.

तारापूरची अणुवीज १९६९ पासूनची. तिच्यामागे असलेल्या अणुऊर्जा विभागाच्याच हैदराबादच्या ईसीआयएलने (स्थापना १९६७) 'ईसी' संच बनविले. त्यांत तापणाऱ्या व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर होते.

तरीही नळीतील ऋणाग्र वापरासरशी क्षीण होई आणि चित्र फिकटत जाई. लाकूड टिकले, चित्र झिजले. आपल्या स्मरणरंजनाने पेटीचा टिकाऊपणा चित्रालाही बहाल केला, हे आपण ध्यानात घ्यायला हवे.