आगपेटींतील विष

एकोणिसाव्या शतकांत आगकाडीच्या गुलांत पांढरा फॉस्फरस घालीत. त्याच्या वाफेनें कामगारांचे जबडे कुजत. निर्धोक तांबडा फॉस्फरस १८४५ पासून ठाऊक होता. पण पांढऱ्याची काडी स्वस्त पडे, म्हणून कारखानदार तो सोडीनात. ब्रिटिश सरकारनें १८९५ मध्यें असा प्रत्येक रोगी कळविण्याची सक्ती केली. लंडनच्या ब्रायंट अँड मे कंपनीनें रोगी लपविले. १८९८ मध्यें तिला दंड झाला, अवघा २५ पौंड ९ शिलिंग! एकट्या देशानें बंदी घालावी, तर परदेशी स्वस्त काड्यांची धास्ती. ती १९०६ च्या बर्न करारानें ओसरली. ब्रिटनची बंदी १९१० पासून अंमलांत आली. हिंदुस्थानांत तसा कायदा १९१३ सालीं झाला. दंड भरून रोग लपवितां येत होता; विषच हद्दपार झाल्यावर लपविण्याजोगें कांहीं उरलें नाहीं.