हजेरीपटावरचा दर्जा आणि कामगाराचे मन

व्यवसायविकासाचा, म्हणजे शिकाऊपणापासून निवृत्तीपर्यंत माणसाचे कामाचे आयुष्य कसे घडत जाते याचा, विचार मानसशास्त्राने मुख्यतः व्यक्तीची आवड, क्षमता आणि निवड यांच्या आधारे केला; परंतु पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास पाहता, हे आयुष्य मनाच्या कलापेक्षा हजेरीपटावरील दर्जाने अधिक ठरत गेल्याचे दिसते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी १९५० च्या दशकात वाढ, शोध, स्थिरावणे, टिकवणे आणि ओसरणे असे या वाटचालीचे टप्पे मांडले, त्याच दशकात, १९५४ साली, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे आकुर्डीत बजाज आणि पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्को उभी राहिली, तेव्हा आयटीआय झालेल्या मुलासमोर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील अप्रेंटिसशिप, मग परीक्षाधीन काळ आणि अखेर कायम नेमणूक असा क्रम होता, आणि सुपर यांचे स्थिरावणे येथे या नेमणुकीनेच सुरू होई. परमनंट झालेल्याला पतसंस्थेचे कर्ज मिळे, १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाच्या पेठांत घराचा विचार करता येई, लग्नाच्या बैठकीत त्याच्या घराच्या शब्दाला वजन येई. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा यांनी बेकारीच्या अभ्यासातून दाखवले होते की नोकरी पगाराखेरीज दिवसाला घडी, माणसांचा सहवास, सामूहिक उद्दिष्ट आणि समाजात स्थान देते. कंपनीची बस, कँटीन आणि खंडेनवमीची यंत्रपूजा यांतून हे सारे कामगाराला मिळत होते.

चाकणला १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, तोवर हा क्रम विरळ होऊ लागला होता. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम भरल्यास सेवा अखंड मानली जाई व कामगाराला काही संरक्षण मिळे, म्हणून त्याआधीच, साधारण सात महिन्यांनी, ‘ब्रेक’ देण्याची, म्हणजे सेवेत खंड पाडण्याची, रीत रुजली. कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवली असली, तरी हेतू सिद्ध करण्याचा भार ब्रेकवर बसलेल्या माणसाला पेलत नाही, हे या पट्ट्याचे मोठे दुःख आहे. २०१३ च्या ‘नीम’ या कारखान्यात प्रशिक्षण देण्याच्या योजनेतील प्रशिक्षणार्थी तर कायद्याने कर्मचारीच नव्हता.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडले की कामाचा रेटा मोठा आणि त्यावरील ताबा थोडा असला की ताण साचतो. असेंब्ली लाइनवरच्या तात्पुरत्या कामगाराला तर पुढच्या वर्षावरही ताबा नसतो. व्यवसायाचे मानसशास्त्र निवडीची मुभा असलेल्यांवरच उभारले गेले, ही मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्लुस्टीन यांची टीका येथे नेमकी लागू पडते, कारण कारखान्याच्या आत घेतलेली समाधानाची पाहणी त्या दिवशी पटावर असलेल्यांपर्यंतच पोचते आणि ब्रेकवर गेलेल्याला गाठायचे तर चाकणजवळच्या महाळुंगे-नाणेकरवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत जावे लागते.