टोपले, वास्ते आणि टीपीचं बुक

आईकडचे आजोबा बुरूडकाम करायचे. गडचिरोलीतल्या धानोरा भागातली गोंड गावं ही त्यांची गिऱ्हाइकं. धानाच्या मळणीआधी टोपले, सुपं, परडे डोक्यावर घेऊन ते पायी निघत. रोख पैसा थोडाच. बदल्यात धान, मोहफुलं, चारं मिळायची. पावसाळ्यात कुणी वास्ते द्यायचं. बांबूचे ते कोवळे कोंब आजी बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवायची, सकाळी कडू पाणी फेकून भाजी करायची. ज्यांच्या घरी वास्ते शिजलेत त्यांना तो वास सांगायला नको.

पण बांबू आणणं म्हणजे जिवाला घोर. आजी सांगायची, एकदा नाक्यावर आजोबांना अडवलं आणि अख्खी मोळी ठेवून घेतली. कधी तिच्या गोष्टीत मोळीसोबत कोयताही जायचा, कधी नुसती मोळी. आजोबा मात्र एवढंच म्हणत, "जंगल सरकारचं, पोट आपलं." १९२७च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती. म्हणून बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे कंत्राटानं ट्रक भरभरून बांबू जायचा, आणि ज्यांच्या दारात तो उगवला त्यांना मात्र हात लावायची चोरी. हा अन्याय होता आणि आमच्या घरातल्या लहान पोरालाही तो कळायचा.

१९८४च्या सुमारास इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध माणसं उठली. लालशाम शहा महाराज आणि बाबा आमटे यांची नावं तेव्हा आमच्या ओसरीवर पोचली. त्याच 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलनाच्या एका सभेला आजोबा गेले होते, असं मामा छातीठोक सांगतो. आई म्हणते, गेले नव्हते. रस्त्यानं जाणाऱ्यांना पाणी पाजलं, तेवढंच. मला दोन्ही खरं वाटतं. धरणं मागे पडली, पण गावागावात बोलणं सुरू झालं ते थांबलं नाही.

त्यातूनच मेंढा (लेखा) उभं राहिलं. शंभरेक घरांचं गोंड गाव. देवाजी तोफा तिथले पुढारी, आणि त्यांच्यासोबत बसून ऐकणारे मोहन हिराबाई हिरालाल. गावानं सागाची लाकडं घालून गोटुल, म्हणजे गोंडांचं तरुणांनी एकत्र जमायचं घर, बांधलं, ते सरकारी माणसांनी मोडलं, तेव्हा आसपासच्या गावांनीही आपापली गोटुलं उभारली. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची बैठक. बायामाणसं सगळी बसणार, अभ्यास गटात कायदा समजून घेणार, आणि शेवटच्या माणसाचं मन वळेपर्यंत ठराव होणार नाही. मत मोजून कुणाला हरवायचं नाही. आजोबा म्हणायचे, मेंढ्यात टोपला विकायला गेलं तर आधी ऐकत बसावं लागतं.

२००६चा वनहक्क कायदा आला आणि त्यात बांबू गौण वनोपज ठरला. २००९मध्ये मेंढा आणि मर्दा या दोन गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, देशात पहिल्यांदा. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १८०० हेक्टर जंगल आलं. तरी बांबू विकायला निघालं की वाहतूक परवान्यावरून, म्हणजे टीपीवरून, घोडं अडायचं. हक्क कागदावर, टीपी दुसऱ्याच्या हातात. गावानं वाद घातला, पत्रं लिहिली, दार ठोठावत राहिलं. शेवटी २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि टीपीचं बुक ग्रामसभेच्या हाती दिलं. सरकारनं गावावर उपकार केले असं कुणी म्हटलं, की मला अजून राग येतो. गावानं सरकारला कायदा वाचून दाखवला, आणि तो ऐकायला सरकार तिथवर आलं. दोघांचंही मोठेपण त्यातच. पुढे २०१३ला मेंढ्यानं ग्रामदान कायद्याखाली आपली शेतीही गावाच्या नावे केली. गडचिरोलीत आता कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः बघतात.

आजोबा तोवर नव्हते. आजी होती. मामानं तिला पेपरातली बातमी वाचून दाखवली तेव्हा तिनं मंत्र्यांचं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "मंग बुरडायले भेटन का बांबू?"

भेटला. पुढे एका शेजारच्या ग्रामसभेकडून मामानं रीतसर पैसे भरून बांबू घेतला. भाव जरा जास्त वाटला म्हणून तो कमी करून मागायला गेला, तर गावकरी म्हणाले, भाव सगळ्यांनी मिळून ठरवलाय, सगळ्यांपुढेच बोला. मामा सभेत उभा राहिला, बुरूडकामाचा सगळा हिशेब मांडला. दुपार गेली. बुरुडांसाठी वेगळा भाव ठरला, आणि तो वहीत लिहून घेतला गेला.